परसातल्या चार शेळ्या

घरामागे पाच-सहा गुंठे मोकळी जागा, बोअरला बेताचं पाणी आणि सकाळ-संध्याकाळ तासभर देऊ शकेल असं घरात एक माणूस. एवढ्या भांडवलावर चार शेळ्या आणि त्यांची करडं नीट सांभाळता येतात. २०१९च्या पशुगणनेत महाराष्ट्रात एक कोटीहून जास्त शेळ्या मोजल्या गेल्या. त्यांतला मोठा भाग दोन, चार, सहा अशा संख्येनं भूमिहीन आणि अल्पभूधारक घरांच्या दारातच बांधलेला आहे. म्हणजे हे काम नवं नाही आणि अवघडही नाही. तरीही नव्यानं शेळ्या घेणारी बरीच माणसं वर्षा-दोन वर्षांत दावण रिकामी करतात. आधी आठवडी बाजारातून शेळ्या येतात, मग घाईघाईनं चार पत्रे टाकून आडोसा उभा राहतो, आणि यांना रोज घालायचं काय हा प्रश्न मार्च महिन्यात पडतो. माझं म्हणणं असं की हा क्रमच उलटा करावा. आधी शेळीचं पोट समजून घ्यावं, मग चारा लावावा, मग गोठा बांधावा आणि शेळी सगळ्यांत शेवटी आणावी.

शेळीच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. खाली आठ दात आणि वर कडक हिरडी, मध्ये चपळ ओठ. या रचनेमुळे ती शेंडा, पान, शेंग नेमकी वेचून खुडते. मेंढी मान खाली घालून गवत जमिनीलगत कापत जाते. शेळीला मात्र मान वर करून खायला आवडतं, आणि फांदी उंच असली तर ती मागच्या पायांवर उभी राहते. झाडपाला हे तिचं मूळचं खाणं आहे. गवत ती खाते, पण नुसत्या गवतावर तिला ठेवणं तिच्या प्रकृतीला धरून नाही.

खाल्लेलं सगळं आधी जातं कोटीपोटात. शेळीच्या पोटाचे चार कप्पे असतात. त्यांतलं कोटीपोट सर्वांत मोठं, डाव्या अंगाला, मोठ्या शेळीत दहा-पंधरा लिटर मावेल एवढं. ते एक आंबवणाचं भांडंच समजा. त्यात अब्जावधी सूक्ष्मजीव राहतात आणि आपल्याला न पचणारा पाला, भुसकट, शेंगांची टरफलं फोडून त्यातून शेळीला ऊर्जा देतात. शेळी निवांत बसून रवंथ करते तेव्हा चघळलेल्या चाऱ्याबरोबर भरपूर लाळ पोटात जाते आणि ही लाळ तिथली आंबटाई ताब्यात ठेवते. म्हणून जाडाभरडा, चावायला लावणारा चारा तिला रोज मिळालाच पाहिजे. दुपारी शेळ्या बसून रवंथ करताहेत की नाहीत, एवढं रोज बघितलं तरी निम्मी तपासणी झाली.

या सूक्ष्मजीवांत काही धागेदार चारा फोडणारे असतात, काही धान्यातल्या पिठावर जगणारे. शेळीला एकाएकी खूप धान्य मिळालं की दुसऱ्या गटाची बेसुमार वाढ होते, पोटात आम्ल साठतं, चारा फोडणारे जीव मरतात, आणि शेळी खाणं सोडून दात खात उभी राहते. गावात लग्न झालं, मांडवातला भात, पुऱ्या आणि बुंदी उरली, कोणीतरी मायेनं पाटीभर शेळ्यांपुढे ओतली आणि सकाळी दोन शेळ्या आडव्या पडल्या, असं दर लग्नसराईत कुठे ना कुठे घडतं. अन्न वाया जाऊ नये ही भावना चांगली आहे, पण शेळीचं पोट ते सोसत नाही. कुठलाही नवा खुराक किंवा नवा चारा दहा-बारा दिवसांत थोडा थोडा वाढवत न्यावा. सूक्ष्मजीवांना आपली वस्ती बदलायला तेवढा वेळ लागतो.

दुसरा धोका पोटफुगीचा. ओला कोवळा लसूणघास किंवा पहिल्या पावसाचं लुसलुशीत गवत भुकेल्या पोटी भसाभस खाल्लं की पोटात फेस होतो आणि वायू बाहेर पडत नाही. डावी भकाळी, म्हणजे शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्यामधला खळगा, फुगून वर येते आणि बोटानं वाजवली तर ढोलासारखी लागते. अशा वेळी ५० ते १०० मिली गोडेतेल पाजतात, म्हणजे फेस फुटतो. पाजताना मान ताणून वर करू नये, तेल श्वासनळीत गेलं तर दुखणं दुप्पट होतं. शेळीला चालतं ठेवावं आणि डॉक्टरांना बोलवावं. यापेक्षा सोपा उपाय आधीच करता येतो: ओला घास कापून तीन-चार तास सुकू द्यावा, आणि त्याआधी शेळीच्या पोटात मूठभर का होईना भुसकट गेलेलं असावं.

आता चाऱ्याचा हिशेब. ३० किलोच्या शेळीला दिवसाला सुमारे ३ किलो हिरवा चारा, अर्धा किलो वाळलेला चारा, आणि ती गाभण किंवा दुभती असेल तर २०० ते २५० ग्रॅम खुराक लागतो. चार शेळ्या आणि वाढती करडं मिळून हिरवा चारा रोज १५ किलोच्या आसपास. संकरित नेपियर गवताचं, उदाहरणार्थ राहुरी विद्यापीठाच्या फुले जयवंत वाणाचं, उत्पादन खत-पाणी नीट असेल तर वर्षाला हेक्टरी दीडशे ते दोनशे टन येतं. गुंठ्याला दीड-दोन टन, म्हणजे रोज चार ते पाच किलो. तेव्हा तीन-चार गुंठे चाऱ्याखाली ठेवले की चार शेळ्यांचा हिरवा चारा घरचा होतो. थंडीत नेपियरची वाढ मंदावते आणि मे महिन्यात पाणी आटतं, म्हणून या आकड्यावर उड्या मारू नयेत, थोडा हात राखूनच मोजावं. सगळ्या जागेत नेपियर लावू नये. निम्म्या जागेत दशरथ घास किंवा लसूणघास घ्यावा, कारण प्रथिनं मुख्यतः या द्विदल चाऱ्यांतून मिळतात.

याहून मोलाचं आहे कुंपण. परसाच्या चारी बाजूंनी शेवरी, हादगा, शेवगा, तुती आणि सुबाभूळ दाटीनं लावावी आणि छातीच्या उंचीवर छाटत राहावं. जमीन अडत नाही, वारा अडतो आणि शेळीला तिच्या आवडीचा पाला मिळतो. ही झाडं शेळी येण्याच्या आधी निदान आठ-दहा महिने लावलेली हवीत. शेळ्या दारात आल्यावर रोपं लावली तर एकही वर येणार नाही, सगळे शेंडे खुडले जातील. बांधावर एखादी जुनी बाभूळ असेल तर ती कधीही तोडू नका. उन्हाळ्यात हिरवं काही नसतं तेव्हा बाभळीच्या शेंगा शेळ्यांना तगवतात. त्या वेचून पोत्यात भरून ठेवाव्यात.

सुबाभळीबद्दल एक सावधगिरी. तिच्या पाल्यात मिमोसिन नावाचं द्रव्य असतं. नुसत्या सुबाभळीवर ठेवलेल्या जनावरांचे केस गळतात, गळ्याशी गाठ येते. ऑस्ट्रेलियातले संशोधक रेमंड जोन्स यांना कळलं की हवाई बेटांवरच्या शेळ्या सुबाभूळ पोटभर खाऊनही ठणठणीत राहतात. त्यांनी तिथल्या शेळ्यांच्या कोटीपोटातला द्रव ऑस्ट्रेलियातल्या जनावरांना दिला आणि त्यांनाही तो पाला पचू लागला. पुढे ज्या जिवाणूमुळे हे घडतं त्याला जोन्स यांचंच नाव मिळालं. शेळी खाते काय यापेक्षा तिच्या पोटात कोण राहतं याला केवढं महत्त्व आहे, हे यातून दिसतं. आपण मात्र साधा नियम पाळावा: दिवसाच्या हिरव्या चाऱ्यात सुबाभूळ एक तृतीयांशाच्या वर जाऊ देऊ नये.

वाळलेल्या चाऱ्यासाठी तुरीचं, हरभऱ्याचं किंवा सोयाबीनचं भुसकट आणि भुईमुगाचा पाला उत्तम. कडब्यापेक्षा शेळ्या हे आवडीनं खातात. वर्षाला सातशे-आठशे किलो लागेल. मळणीच्या दिवसांत ते स्वस्त, कधी नुसत्या वाहतुकीच्या खर्चात मिळतं, म्हणून तेव्हाच भरून कोरड्या जागी ठेवावं. खुराकात निम्मा मक्याचा भरडा, पाव हिस्सा शेंगदाण्याची किंवा सरकीची पेंड, उरलेला गव्हाचा कोंडा, त्यात शंभर किलोला दोन किलो क्षार मिश्रण आणि एक किलो मीठ. पेंडेवर बुरशी दिसली तर ती पेंड फेकूनच द्यावी, बुरशीचं विष यकृतावर जातं. पोंग्यात असलेली कोवळी ज्वारी आणि कापलेल्या ज्वारीचा फुटवा शेळ्यांच्या तोंडी लागू देऊ नये, त्यातल्या सायनाइडनं जनावर तासाभरात जातं. कण्हेर आणि टणटणी परसात असतील तर शेळ्या येण्याआधी मुळासकट काढाव्यात.

गोठ्याबद्दल लोक फार खर्च करतात आणि नको तिथे करतात. मोठ्या शेळीला १० ते १२ चौरस फूट छताखालची जागा पुरते, करडाला चार-पाच. करडांसकट दहा बाय दहाचं छप्पर आणि त्याच्या दुपटीनं मोकळं, जाळी मारलेलं अंगण झालं की काम भागलं. लांबी पूर्व-पश्चिम ठेवली तर दुपारचं ऊन आत घुसत नाही. पाठीमागची बाजू छातीएवढी बंद आणि वर जाळी. शेळीला थंडीपेक्षा ओल जास्त बाधते. ओल्या जमिनीवर मूत साचतं, त्यातून अमोनिया उठतो आणि तो सगळ्यात दाट असतो जमिनीपासून फूटभर उंचीवर, जिथे करडाचं नाक असतं. उभं राहून वास येत नाही म्हणून गोठा कोरडा आहे असं समजू नये. खाली उकिडवं बसावं आणि तिथे श्वास घ्यावा. डोळे चुरचुरले तर करडांना खोकला होणार हे ठरलेलं. मुरूम टाकून थोडा उतार द्यावा, आठवड्याला चुन्याची भुकटी भुरभुरावी. कोकणात, जिथे चार महिने पाऊस थांबतच नाही, तिथे जमिनीपासून तीन-चार फूट उंच लाकडी पट्ट्यांचा माचा करतात. लेंड्या फटींतून खाली पडतात, शेळ्या वर कोरड्या राहतात. हा खर्च करण्यासारखा आहे.

गव्हाण आत ठेवू नये. शेळी स्वतःच्या पायाखाली आलेला चारा पुन्हा तोंडात घेत नाही, आणि आत गव्हाण असली की करडं तिच्यात चढून लेंड्या टाकतात. जाळीच्या बाहेर गव्हाण, आणि मान जाईल एवढी भोकं. पाल्याची पेंढी तिच्या तोंडाच्या उंचीवर टांगावी. मोठ्या शेळीला दिवसाला तीन ते पाच लिटर, दुभतीला उन्हाळ्यात आणखी जास्त पाणी लागतं आणि ते स्वच्छ नसेल तर ती तहानलेली राहील पण पिणार नाही. घर गावठाणात किंवा नगरपालिकेच्या हद्दीत असेल तर परवानगीचे नियम आधी विचारून घ्यावेत, आणि शेजाऱ्यांच्या खिडकीपासून गोठा लांब ठेवावा.

एवढं झालं की मग शेळी आणावी. जात आपल्या भागातलीच घ्यावी. मराठवाडा आणि सोलापूरकडे उस्मानाबादी: बहुतेक काळीभोर, काटक, आणि जुळी देण्याबद्दल नावाजलेली. पुणे, नाशिक, अहिल्यानगर या पट्ट्यात संगमनेरी, विदर्भात बेरारी, सिंधुदुर्गात कोकण कन्याळ. उत्तरेकडच्या उंचनिंच जाती जत्रेत डोळ्यांत भरतात, पण अंगानं मोठी शेळी खाणंही मोठं मागते आणि आपल्याकडच्या पावसात तिला जुळवून घ्यायला वेळ लागतो. पहिल्या चार शेळ्यांसाठी तो प्रयोग मला योग्य वाटत नाही.

शक्यतो बाजारातून घेऊ नये. तिथे दहा गावांची जनावरं एकत्र येतात आणि रोगही. ज्या घरी शेळ्या वाढल्या त्या घरी जाऊन घ्यावी, तिची आई बघावी, ती स्वतः जुळ्यांतली आहे का हे विचारावं. तोंड उघडून दात मोजावेत: सगळे बारीक दुधाचे दात असतील तर वर्षाच्या आतली, मधले दोन मोठे आले असतील तर साधारण सव्वा-दीड वर्षाची, पुढे दरवर्षी एकेक जोडी वाढत चार वर्षांच्या आसपास आठही दात पुरे होतात. दोन किंवा चार दाती, एकदा व्यालेली शेळी सुरुवातीला सर्वांत चांगली. कास चाचपून बघावी, दोन्ही सड सारखे आणि मऊ हवेत, आत गाठ नको. खालची पापणी ओढून आतला रंग बघावा, तो लालसर हवा. शेपटीखाली हगवणीचे डाग नसावेत. एकटी शेळी कधीही आणू नये. ती कळपाचं जनावर आहे, एकटी पडली की दिवसभर ओरडते आणि खात नाही. आणलेल्या शेळ्या दोन-तीन आठवडे घरच्या जनावरांपासून वेगळ्या ठेवाव्यात.

बोकड ठेवू नये. एक बोकड पंचवीस-तीस शेळ्यांना पुरतो. चार शेळ्यांसाठी त्याला वर्षभर खाऊ घालणं परवडत नाही आणि त्याचा उग्र वास घरापर्यंत येतो. गावातला चांगला बोकड दाखवावा किंवा दवाखान्यात कृत्रिम रेतनाची सोय असेल तर ती घ्यावी. दर दोन वर्षांनी बोकड बदलला पाहिजे, नाहीतर लेकी बापाकडेच जातील आणि करडं खुजी निपजतील. नर करडंही तीन महिन्यांची झाली की वेगळी बांधावीत. ती आपल्याला वाटतं त्याहून लवकर वयात येतात.

शेळी साधारण १८ ते २१ दिवसांनी माजावर येते आणि माज दीड दिवसापर्यंत टिकतो. शेपटी सतत हलवते, ओरडते, दुसऱ्या शेळीवर चढते, चिकट स्राव दिसतो. लक्षणं दिसल्यावर बारा तासांनी भरवावी. पाठ, म्हणजे अजून न व्यालेली तरुण शेळी, भरवायची असेल तर ती निदान दहा महिन्यांची आणि २२ ते २५ किलोची झालेली असावी. गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा, म्हणून कधी भरवायचं यावरूनच करडं कुठल्या हंगामात जन्मतील हे ठरतं. दिवाळीच्या सुमारास भरवली तर करडं मार्च-एप्रिलच्या उन्हात, चारा संपत आलेला असताना येतात. जूनमध्ये भरवली तर नोव्हेंबरमध्ये, पाऊस सरलेला, पाला मुबलक, हवा कोरडी. घरच्या चार शेळ्यांसाठी मी जूनचाच माज धरीन. दोन वर्षांत तीन वेतं घेता येतात आणि पुस्तकांत तीच शिफारस असते, पण ती चोवीस तास राबणारी माणसं आणि भरपूर खुराक असलेल्या गोठ्यासाठी. परसातल्या शेळीला थोडी विश्रांती द्यावी.

पोटातल्या करडांची जवळजवळ दोन तृतीयांश वाढ शेवटच्या दीड-दोन महिन्यांत होते. त्याच वेळी वाढत्या गर्भामुळे कोटीपोटाला जागा कमी पडते, शेळीचं एका वेळचं खाणं घटतं. म्हणून या काळात चारा थोडा थोडा, जास्त वेळा द्यावा आणि खुराक हळूहळू वाढवावा. जुळं असलेली शेळी उपाशी राहिली तर स्वतःची चरबी जाळते आणि त्यातून गाभण विषबाधा होते.

वेताच्या दिवशी बहुतेक वेळा आपण फक्त लांबून बघायचं असतं. पाण्याची पिशवी दिसते, मग पुढचे दोन खूर आणि त्यांवर टेकलेलं नाक. अर्धा तास जोर लावूनही काही पुढे सरकलं नाही, किंवा एकच पाय दिसला, तर ओढाताण न करता डॉक्टरांना बोलवावं. १९६२ या क्रमांकावर फोन केला की फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची मदत मागता येते. करडू बाहेर आलं की नाका-तोंडातला चिकटा पुसावा, आईला चाटू द्यावं, नाळ दोन इंचांवर कापून टिंचर आयोडीनमध्ये बुडवावी.

आणि लगेच चीक पाजावा. इथे मला कळकळीनं सांगायचं आहे. जार पडेपर्यंत करडांना चीक पाजायचा नाही, अशी समजूत अजून अनेक गावांत आहे. जार पडायला कधी सहा, कधी आठ तास लागतात, आणि तेवढा वेळ करडू उपाशी राहतं. शेळीच्या वारेतून रोगप्रतिकारक द्रव्यं पिलाकडे जातच नाहीत, ती सगळी चिकात असतात. नवजात करडाच्या आतड्यातून ही द्रव्यं अखंड रक्तात उतरतात ती पहिल्या काही तासांत. दर तासाला हा दरवाजा मिटत जातो आणि दिवसभरात बंद होतो. अर्ध्या तासाच्या आत पहिला घोट आणि पहिल्या चोवीस तासांत वजनाच्या दहा टक्के, म्हणजे दोन किलोच्या करडाला २०० मिली, तीन-चार वेळा विभागून. उलट करडांनी सड ओढल्यानं जार पडायला मदतच होते. करडं दगावण्यावरचं सर्वांत स्वस्त औषध आईच्या कासेत तयार असताना ती समजुतीपायी मरू नयेत.

आता जंत. कोंदट पावसाळ्यात शेळ्या हळूहळू खंगतात त्याला बहुधा हिमोंकस नावाचा गोल जंत कारण असतो. तो खऱ्या पोटात, म्हणजे चौथ्या कप्प्यात चिकटून रक्त पितो. एक जंत दिवसाला सुमारे ०.०५ मिली रक्त वाया घालवतो. हजार जंत असले तर रोज ५० मिली, आणि ३० किलोच्या शेळीच्या अंगात सगळं मिळून रक्त असतं दोन लिटरच्या आसपास. पापण्या पांढऱ्या पडतात, जबड्याखाली पाणी उतरून सूज येते. मादी जंत रोज हजारो अंडी घालते, ती लेंडीतून जमिनीवर येतात, उबदार ओलीत आठवड्याभरात त्यांच्यातून अळ्या होतात आणि दवाबरोबर गवताच्या पात्यावर चढतात. त्या बहुतेक जमिनीपासून दोन-तीन इंचांतच असतात. शेळीनं पाला वरून खाल्ला तर ती आपोआप वाचते, चारा संपून ती मातीलगतचं गवत खरडू लागली की अळ्या गिळते. म्हणून दव सुकल्यावरच बाहेर सोडावं आणि गवत चार बोटं उरलं की जागा बदलावी.

जंतांचं औषध दर तीन महिन्यांनी सगळ्यांना सरसकट पाजण्याची सवय मोडली पाहिजे. त्यानं औषधाला न जुमानणारे जंत तेवढे मागे उरतात आणि काही वर्षांत ते औषध निकामी होतं. दक्षिण आफ्रिकेत यासाठी पापणीच्या रंगाचा पाच पायऱ्यांचा तक्ता तयार झाला, लाल म्हणजे एक आणि पांढराफटक म्हणजे पाच. चौथ्या-पाचव्या पायरीवरच्या शेळीला औषध द्यायचं, बाकीच्यांना नाही. करडं आणि गाभण शेळ्या तिसऱ्या पायरीवरच औषधाला घ्याव्यात. चार शेळ्यांच्या पापण्या पंधरवड्यातून एकदा बघायला पाच मिनिटं लागतात. शंका आली तर लेंड्या दवाखान्यात तपासून घ्याव्यात. मात्रा वजन करून ठरवावी, आणि गाभण शेळीला कुठलं औषध चालतं हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही पाजू नये.

लसींत दोन कधीही चुकवू नयेत. पहिली आंत्रविषाराची. या रोगाचा जिवाणू शेळीच्या आतड्यात एरवीही थोडाफार असतो. खुराक किंवा कोवळा चारा एकदम वाढला की तो फोफावतो आणि विष सोडतो. कळपातलं सर्वांत गुबगुबीत करडू रात्री चांगलं असतं आणि सकाळी मेलेलं सापडतं. पावसाच्या आधी, मे महिन्यात लस द्यावी, पहिल्यांदाच देत असाल तर दोन-तीन आठवड्यांनी दुसरा डोस. दुसरी पीपीआरची, जिला शेळ्यांची बुळकांडी म्हणतात. ताप, वाहतं नाक, तोंडात व्रण, हगवण, मग न्यूमोनिया, आणि कळपच्या कळप जातो. भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेच्या मुक्तेश्वर केंद्रात तयार झालेली हिची लस एका टोचणीत किमान तीन वर्षं संरक्षण देते. २०३० पर्यंत हा रोग जगातून नाहीसा करायचं आंतरराष्ट्रीय उद्दिष्ट आहे. घटसर्प, लाळ्या-खुरकूत यांचं वेळापत्रक सरकारी दवाखान्यातून घ्यावं. गाभडलेल्या शेळीचा गर्भ किंवा जार उघड्या हातानं उचलू नये आणि दूध उकळूनच प्यावं, कारण शेळ्यांना गाभडवणारा ब्रुसेला हा रोग माणसालाही होतो.

परसात झाडांऐवजी गवतच जास्त असेल तर मेंढ्यांचा विचार करावा. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं सुंदरबनातल्या बुटक्या गारोळे मेंढीतलं जुळं देणारं जनुक दख्खनी मेंढीत आणून नारी सुवर्णा ही जात तयार केली आहे, थोड्या मेंढ्यांत जास्त कोकरं हवी असतील त्यांच्यासाठी ती सोयीची. मात्र गाई-म्हशींचं क्षार मिश्रण मेंढ्यांना देऊ नये. त्यातलं तांबं मेंढीच्या यकृतात साठत जातं आणि एक दिवस विषबाधा होते. शेळी तेवढंच तांबं सोसते.

लेंडीखत वर्षभर ढीग करून कुजवावं, चाऱ्याच्या तीन-चार गुंठ्यांना तेच पुरतं. विक्रीसाठी एक टांगता काटा घ्यावा. व्यापारी पाठीवर हात फिरवून उक्ती किंमत सांगतो आणि त्याचा हात कधी स्वतःच्या तोट्यात अंदाज करत नाही. आदल्या दिवशी घरी वजन करून ठेवलं, दोन खाटकांकडून जिवंत वजनाचा दर विचारून ठेवला, तर बोलणं लवकर संपतं. बकरी ईद आणि आखाडाच्या आधी भाव चढतात, नर त्या वेळी विकावेत. जुळ्यांतली जोमदार पाठ मात्र कितीही किंमत आली तरी घरात ठेवावी. तिच्या बदल्यात पाच-सहा वेतं झालेली, दात झिजलेली म्हातारी शेळी विकावी आणि दावणीला चारच राहू द्याव्यात.